गाणे द्या, पण नावासकट

खान्देशात वरात निघाली आणि नागिनीची धून वाजली नाही, असे सहसा घडत नाही. पिंपळनेरच्या बाजारपेठेतून जाणारी वरात असो की सामोडे-दहिवेलकडची, ती धून सुरू झाली की कोणीतरी काका रुमालाचे टोक दातांत धरून पुंगी करतो आणि कोणीतरी मामा फणा काढून रस्त्यावर लोळण घेतो. नवे कपडे धुळीत माखतात, बायका पदराआड हसतात, पोरे शिट्ट्या वाजवतात. ही धून 1954 सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातील आहे. संगीत हेमंतकुमार यांचे, गाणे लता मंगेशकरांनी गायलेले, पडद्यावर वैजयंतीमाला. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण ती पुंगी वाजवली कोणी, असे विचारले तर शंभरातला एकही जण सांगू शकत नाही.

आणि गंमत अशी, की ती पुंगी नव्हतीच! ते विजेवर चालणारे यंत्र होते. क्लॅव्हिओलिन त्याचे नाव. फ्रान्समधील कॉन्स्तांत मार्तिन नावाच्या कारागिराने ते 1947 मध्ये तयार केले. दिसायला छोटी हार्मोनियम, पण आत भाता नाही आणि वारा नाही. काचेच्या व्हॉल्व्हमधून विजेच्या लहरी उठतात आणि त्यांचाच सूर बनतो. मुंबईत ते वाजवले कल्याणजी वीरजी शहा यांनी. गिरगावात वडिलांचे किराणा दुकान असलेला हा कच्छी तरुण पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतला म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोडीला हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. म्हणजे ज्या धूनवर आपले आजोबा नाचले, वडील नाचले आणि आता नातू नाचतो, ती इलेक्ट्रॉनिक संगीताची धून आहे. हे संगीत कालपरवा परदेशातून आलेले फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे तरी काय? ज्यात सूर किंवा ताल तार, कातडे किंवा फुंकर यांतून न निघता विजेतून निघतो, ते. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. तो कॅसिओ, काठ्यांनी बडवायचा ऑक्टोपॅड, आणि आता डीजेचा लॅपटॉप ही सगळी त्याच घराण्यातली. आमच्या पिंपळनेरच्या पश्चिमेला कोकणा आदिवासींची गावे आहेत. वाळलेला दुधीभोपळा आणि बांबू यांची पावरी हे त्यांचे वाद्य. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्र रात्र वाजते. आज साक्री-नवापूर पट्ट्यातला कुठलाही बँड बघा, गाडीवर बसलेला कॅसिओवाला तीच पावरी बोटांनी काढतो आणि संबळाचा ठेका ऑक्टोपॅडवर पडतो. कल्याणजींनी पुंगीचे जे केले, तेच आमच्या बँडवाल्यांनी पावरीचे केले. याला नक्कल म्हणणारे म्हणोत. मला त्यात कारागिरी दिसते.

आता मुद्द्याकडे येतो. माझा भाचा दहावीला आहे. गाणे आवडले की मोबाइल माझ्या कानाला लावतो आणि म्हणतो, “मामा, हाई आयकी देख ना!” मध्यंतरी त्याने एक भीमगीत ऐकवले, डीजेवर चढवलेले. चाल ओळखीची, आवाज ओळखीचा. मी विचारले, “हाई गानं कोनं शे रे?” तो म्हणाला, “माले माहीत नही मामा, डीजेनं शे.”

डीजेचे! त्याची काहीच चूक नाही. फाइलीवर डीजेचे नाव होते, त्याच्या गावाचे नाव होते, ‘हार्ड बेस’, ‘नॉनस्टॉप’ असे शब्द होते. दर मिनिटाला मध्येच एक भारदस्त आवाज येऊन पुन्हा डीजेचे नाव सांगून जात होता. फक्त ज्याने ते गाणे लिहिले त्याचे नाव कुठेही नव्हते. आणि ते नव्हते, कारण ते कापले गेले होते.

कसे कापले गेले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शाहीर-कवींची एक जुनी रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. तुकोबांचा ‘तुका म्हणे’ आणि कबिरांचा दोहा याच रीतीचे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस, जन्म 1922 चा, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. आणि त्याने हजारो गाणी लिहिली. छापखाना हाताशी नाही, पुस्तक निघेल याची खात्री नाही, गाणे तोंडोतोंडी जाणार. अशा वेळी आपले नाव टिकवण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे ते गाण्यातच विणून टाकणे. गायन पार्टीचा गायक शेवटचे कडवे म्हणायचा तेव्हा कवीचे नाव आपोआप हजार माणसांच्या कानांवर पडायचे. कॅसेट आली तेव्हाही आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, गायक असे छापलेले असायचे.

डीजेला मात्र मुखडा लागतो. धडाक्यात सुरुवात, एखादे कडवे, परत मुखडा, मध्ये लांबलचक ठेका आणि पुढचे गाणे. मिरवणुकीत कोणाला थांबून चौथे कडवे ऐकायला वेळ आहे? त्यामुळे कवीने जिथे आपले नाव ठेवले होते, नेमका तोच तुकडा गळून पडतो. डीजेवाल्या पोरांच्या मनात काही वाईट असते असे मी म्हणत नाही. पुष्कळांना त्या कडव्यात नाव असते हेच माहीत नसते. परंतु परिणाम व्हायचा तोच होतो.

लग्नाच्या वरातीत गाणे वाजवले म्हणून परवानगीचे पैसे मागता येत नाहीत, तशी सूट 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. पण त्याच कायद्याचे कलम 57 सांगते की, कवीने आपले हक्क कंपनीला विकून टाकले असले तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा 2004 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा हिशेब 2064 अखेरपर्यंत आहे. नाव पुसण्याची सूट कायद्यात कोठेही नाही.

हे एकट्या आपल्या घरात घडते असे समजू नका. यंत्रावरच्या संगीताचा सगळा इतिहासच हरवलेल्या नावांचा आहे. म्हणून भाच्याला मी उलट आहेर केला. तू मला एक गाणे दे, मी तुला एक देतो, पण माझे गाणे नावासकट येईल. त्या देवघेवीतून जी यादी झाली, तीतली मला आवडलेली गाणी इथे सांगतो. यूट्यूबवर नाव टाकले की बहुतेक सापडतात, वेगळे पैसे पडत नाहीत.

पहिले गाणे ‘अंडर मी स्लेंग टेंग’. जमैका बेटावरचे, 1985 सालचे, गायक वेन स्मिथ. नोएल डेव्ही नावाच्या त्याच्या मित्राकडे एक कॅसिओ होता, एमटी-40 मॉडेल, 1981 मध्ये बाजारात आलेला, घरगुती, स्वस्तातला. अशा कॅसिओत बटण दाबले की आपोआप वाजणारे तयार ठेके असतात, हे आपल्याला माहीत आहे. ही दोन पोरे बटणे दाबत बसली असता त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका त्यांना सापडला. तो घेऊन ते किंग जॅमी या ध्वनिमुद्रकाकडे गेले. त्याने ठेक्याची गती कमी केली, वर थोडा पियानो आणि टाळी चढवली, आणि गाणे तयार! फेब्रुवारी 1985 मध्ये किंग्स्टनमधल्या एका ध्वनिक्षेपकांच्या सामन्यात ते वाजले आणि जमैकाच्या संगीताची दिशाच बदलली. वादक नकोत, मोठा स्टुडिओ नको, एका खेळण्यासारख्या पेटीवर गाणे होते, हे गरीब पोरांना कळले. त्या एकाच ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. तो ठेका कॅसिओत भरला कोणी? कित्येक वर्षे जगाला वाटत होते की कोणी पुरुष इंजिनिअर असेल. ती होती ओकुदा हिरोको, संगीत महाविद्यालयातून शिकून 1980 मध्ये कॅसिओ कंपनीत लागलेली एक तरुण मुलगी. तिला जमैकाच्या रेगे संगीताचे वेड होते आणि कॉलेजचा प्रबंधही तिने त्याच विषयावर लिहिला होता. नोकरीच्या सुरुवातीलाच हे काम तिच्याकडे आले आणि तिच्या कानातला रेगे नकळत त्या ठेक्यात उतरला. जमैकाची लय जपानला गेली, एका मुलीच्या हातून पेटीत बंद झाली आणि पेटीतून पुन्हा जमैकात पोहोचली. आपल्या घरातल्या मुली कॅसिओ शिकायला मागतात तेव्हा “मुलीला काय करायचंय?” म्हणणाऱ्या आईबापांना ही हकिकत जरूर सांगा. एक सूचना मात्र करतो. त्या गाण्याचे शब्द गांजाचे गोडवे गातात. मुलांना द्यायचे तर निव्वळ वाद्यांची बाजू द्या, ठेका तोच आहे.

किंग जॅमी ज्याच्या हाताखाली शिकला तो किंग टबी. याचे खरे नाव ऑस्बोर्न रडॉक, जन्म 1941 चा. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, अँप्लिफायर स्वतः जोडायचा. आपल्याकडे तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान असायचे, सोल्डरच्या धुराने भरलेले, तसाच. लोकांच्या सुख-दुःखाच्या कार्यक्रमांना लागणारे कर्णे आणि मशीन तोच बांधून द्यायचा. या माणसाने काय केले, तर तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, ढोल आणि बेस तेवढे ठेवले, आणि मध्येच एखादा शब्द सोडून त्याचा प्रतिध्वनी घुमवत ठेवला. ‘डब’ म्हणतात याला. आज डीजेवाला मध्येच गाणे तोडून नुसता ठेका सोडतो ना, त्या युक्तीचा आजोबा हा.

टबीचे ऐकायचे तर ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ ऐका. यात ऑगस्टस पाब्लो मेलोडिका वाजवतो. मेलोडिका म्हणजे शाळकरी मुलांसाठीची, तोंडाने फुंकायची छोटी पेटी. तिला लोक वाद्य मानत नसत. तिचा सूर इतका एकाकी लागतो की मला हटकून लांबून ऐकू येणारी पावरी आठवते. रात्री दिवे घालवून ऐकण्याचे गाणे आहे. नाचण्याचे नाही. मूळ गाणे जेकब मिलरचे होते, त्याच्या आवाजाचे तुकडे मधून मधून तरंगत येतात. पण बघा, कापाकापीच्या या उस्तादाने तबकडीच्या नावातच आपल्याबरोबर वादकाची ओळख ठेवली, कारण ‘रॉकर्स’ हे पाब्लोचेच नाव. 1989 मध्ये किंग टबीचा त्याच्याच घरासमोर गोळी घालून खून झाला.

जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या मंडळींचे ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ (1977) हे आगगाडीचे गाणे. चाकांचा ठेका आहे, रुळांचा खडखडाट आहे, सगळा यंत्रातून काढलेला. कामासाठी नंदुरबारहून सुरतची गाडी पकडणाऱ्या आपल्या माणसांना ते पहिल्या झटक्यात कळेल. अधिक सांगत नाही.

त्या जर्मन गाड्यांचा आवाज अमेरिकेतल्या डेट्रॉइटला पोहोचला. मोटारींच्या कारखान्यांचे शहर, कारखाने बंद पडत होते, कामगार देशोधडीला लागत होते. तिथल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन काळ्या शाळूसोबत्यांनी जुन्या यंत्रांवर ‘टेक्नो’ हा प्रकार उभा केला. टेक्नो म्हणजे गोऱ्यांचे संगीत असा समज आपल्याकडे टीव्ही बघून झाला आहे, तो साफ खोटा. डेरिक मेचे ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ (1987) ऐका. यात बेसचा सूरच नाही, तरी माणूस जागचा हलतो! मायकल जेम्स या मित्राने संथ वाजवलेला पियानो डेरिकने वेगात नेला, त्यातून हे गाणे झाले. हेही नाव लक्षात ठेवा, ते सहसा कोणी घेत नाही. भाच्याला सगळ्या यादीतले हेच सर्वांत आवडले. माझे मत निराळे आहे.

माझे सर्वांत आवडते आपल्या मुंबईचे आहे. चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे वादक. त्यांनी सिंगापूरहून तीन जपानी यंत्रे आणली. एक सूर काढणारे, एक बेस काढणारे, एक ढोलकी-ताशाच्या जागी ठेका धरणारे. तिन्ही रोलंड कंपनीची. 1982 मध्ये या तिघांना जोडून त्यांनी दहा राग वाजवले आणि त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने काढली. खपली नाही. लोक विसरून गेले. पुढे पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या फ्युचर या गटातील डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या काळ्या तरुणांनी तेच बेसचे यंत्र स्वस्तात जुने घेऊन ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हे गाणे केले. कंपनीने ते यंत्र 1984 मध्येच बंद केले होते, कारण गिटारवाल्यांना ते पसंत पडले नव्हते. शिकागोच्या पोरांनी त्याच्या खुंट्या गाणे चालू असताना पिळल्या, आणि जो किंचाळणारा, वळवळणारा आवाज निघाला त्याने युरोप वेडा झाला. शिकागोच्या पोरांना चरणजित सिंगांचे नाव ठाऊक नव्हते आणि चरणजित सिंगांना शिकागोचे. दोघांनी एकाच पेटीतून एकाच जातीचा आवाज काढला. मुंबईकर आधी होते, पण ते कोणाच्या गावीही नव्हते.

एका डच संग्राहकाला दिल्लीत त्या तबकडीची जुनी प्रत सापडली. त्याने मुंबईत येऊन चरणजित सिंगांचे घर गाठले आणि 2010 मध्ये ती पुन्हा काढली. सत्तरीतला माणूस मग युरोपात जाऊन तरुणांपुढे राग वाजवू लागला. जुलै 2015 मध्ये ते वारले. निदान पाच वर्षे तरी त्यांना आपले नाव लोकांच्या तोंडी ऐकायला मिळाले. त्या तबकडीतला ‘भैरव’ पहाटे ऐका आणि ‘मेघमल्हार’ पावसाळ्यात, लाटीपाडा धरणावर ढग उतरतात तेव्हा. राग कळायला हवा असे काही नाही. कान असले की पुरे.

सगळ्यांचे नशीब असे नसते. अमेरिकेतल्या विन्स्टन्स नावाच्या गटाचे ‘आमेन, ब्रदर’ हे 1969 चे गाणे, तबकडीच्या मागच्या बाजूला भरतीसाठी टाकलेले. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि एकटा ड्रमवाला जेमतेम सहा-सात सेकंद वाजवतो. पुढे यंत्रे आली, आवाजाचा तुकडा कापून पुनःपुन्हा वाजवता येऊ लागला, आणि हा सहा-सात सेकंदांचा तुकडा जगभरच्या हजारो गाण्यांत गेला. इंग्लंडात 1990 नंतर जे जंगल आणि ड्रम-अँड-बेस संगीत झाले त्याचा पायाच तो. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये अटलांटा शहरात बेघर अवस्थेत मेला. त्याला यातला एक पैसाही मिळाला नव्हता. 2015 मध्ये काही संगीतप्रेमींनी वर्गणी काढली आणि गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे 24 हजार पौंड दिले. कोलमनला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

आणि बायकांचे तर विचारूच नका. कॉव्हेंट्रीच्या कामगार घरातली डिलिया डर्बीशायर गणित आणि संगीत शिकून केंब्रिजमधून पदवीधर झाली. 1959 मध्ये एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने तिला सांगितले की आम्ही स्टुडिओत बायकांना घेत नाही. पुढे बीबीसीत तिने 1963 मध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे सुरुवातीचे संगीत केले. कागदावरची चाल रॉन ग्रेनर यांची होती. पण तिचा एकेक सूर यंत्रातून काढून, फितीचे तुकडे ब्लेडने कापून आणि चिकटवून ते संगीत घडवले डिलियाने. पन्नास वर्षे पडद्यावर ग्रेनरचे नाव येत राहिले. डिलियाचे नाव पडद्यावर आले ते 2013 मध्ये. ती 2001 मध्येच वारली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये मूग नावाचे यंत्र बसवले गेले, त्यावर गीता साराभाई आणि इतर काही भारतीयांनी संगीत केले. त्या फितीही संग्रहात तशाच पडून राहिल्या आणि लोकांना ऐकायला मिळाल्या 2023 मध्ये. साराभाईंसारख्या बड्या घरातल्या बाईची ही गत, तर गायन पार्टीतल्या कोरसच्या बायकांची नावे कोण शोधणार?

एक गोष्ट आवाजाबद्दल. ही गाणी मोठ्याने वाजवल्याशिवाय कळत नाहीत, असे पोरांचे म्हणणे असते. चांगल्या बेसचा दणका छातीत जाणवतो हे खरे, मीही नाचलो आहे. पण घरात तान्हे मूल असते, दम्याची म्हातारी असते, परीक्षेचा पोरगा असतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांनीच घातलेली आहे आणि डीजेची भिंत तिच्या कितीतरी पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 100 डेसिबलचा आवाज आठवड्याला वीस मिनिटांहून जास्त ऐकू नये. तीन तासांच्या मिरवणुकीत स्पीकरपुढे नाचणाऱ्या पोराने हा हिशेब स्वतः करून पाहावा. कान गेल्यावर मेघमल्हार कशाने ऐकणार?

डीजे नकोच, हार्मोनियम-ढोलकीच बरी, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. हार्मोनियमही एके काळी परदेशी पेटीच होती, आणि ती आकाशवाणीवर कितीतरी वर्षे बंद ठेवली होती. माझे म्हणणे अगदी थोडके आहे आणि ते डीजेवाल्या पोरांनाच आहे. तुम्ही दर मिनिटाला आपले नाव घालता, त्याऐवजी दर दोन मिनिटांनी घाला आणि उरलेल्या जागेत गीतकाराचे आणि गायकाचे नाव घाला. तोच भारदस्त आवाज, तोच घुमारा. शेवटचे कडवे एकदा तरी येऊ द्या. किंग टबीसारखा ठेका बंद करून ते कडवे सुटेच सोडा, नाव तेवढे घुमवा. ऐकून अंगावर काटा येईल, आणि तुमचे मिक्स दुसऱ्यांपेक्षा वेगळे ठरेल हा फायदा निराळाच.

घरच्यांनीही करण्यासारखे आहे. पूर्वी मेमरी कार्ड बदलून, ब्लूटूथने गाणी जायची. आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, आणि फाइलीला नुसता आकडा असतो. पुढे पाठवताना त्याखाली गाणे, गीतकार, गायक, साल एवढे लिहा. वरातीत कोणी पावरी वाजवणाऱ्याचे रेकॉर्डिंग केले तर त्याला विचारून त्याचे नाव आणि गाव लिहून ठेवा, कॅसिओवाल्याचेही लिहा. मुलांना विचारा, हे गाणे का आवडले? ठेक्यामुळे, आवाजामुळे, शब्दांमुळे? उत्तर देताना ती आपोआप नीट ऐकू लागतात. आपणही त्यांना आपले एक गाणे द्यावे. त्यांची गाणी म्हणजे गोंगाट असे म्हटले की ती मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जातात, आणि दुसरी खोली नसली तर गल्लीत.

आणि ज्यांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात जुन्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटी पडल्या असतील, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी त्या खाली काढाव्यात. ओलीने फितीला पांढरी बुरशी धरते. तशी फीत टेपमध्ये घातली तर तुटते, म्हणून आधी उन्हात न ठेवता घरातच कोरडी होऊ द्या, मग जाणकाराकडून मोबाइलमध्ये उतरवून घ्या. डबीतला घडीचा कागद फेकू नका. त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पुढे गायकाचा मोठा फोटो असतो. गीतकाराचे नाव आत, बारीक अक्षरांत असते.